वर बघायची सवय

साउदॅम्प्टनला सप्टेंबरात बोटींची जत्रा भरते.
दहा दिवस मी एका पांढऱ्या बोटीवर
मोजे घालून उभी असते, हातात फडकं,
बोटीवरचे बोटांचे ठसे पुसत.
दोन इंजिनं, प्रत्येकी चारशे घोडे.
घोडे म्हणताना मला अजून हसू येतं.

समोरच्या धक्क्यावर शिडाच्या बोटी.
क्रेग दरवर्षी डोलकाठ्या मोजतो,
आकडा उतरला की सगळ्यांना कॉफी पाजतो.
यंदा दोनदा पाजली.

तिकडचे लोक आमच्या बोटींना इस्त्र्या म्हणतात,
आमचे त्यांना वाळत घातलेले कपडे.
मधे चार फूट पाणी,
भाऊबंदकीतल्या बांधाएवढं.

एल्फिक आले बुधवारी, गर्दी ओसरल्यावर.
बूट काढताना गुडघा धरून खाली बसले.
"एकोणतीस वर्षं तिकडे जायचो,"
हनुवटीनेच दाखवलं.
आपल्या घराकडे कोणी बोट दाखवतं का?
व्हिम्ब्रेल विकली मार्चमध्ये.
मॉरीन गेल्यावर दामण ओढायला दुसरे हात नव्हते,
आणि स्वतःच्या हातांनी तर
आता मुरंब्याची बरणीही उघडत नाही.

मी बोलत राहिले:
एका बोटाने वळते, दर तासाला इतकं डिझेल,
खाली दोन खोल्या, बर्फाचं यंत्र.
ते मान डोलवायचे,
आणि मधेच ती मान वर जायची.
"गळतंय का कुठे?" मी विचारलं.
"नाही हो. डोलकाठीच्या टोकाला कापडाची पट्टी असते,
वारा कुठला ते सांगते.
मान आपली आपण जाते."
वर छत होतं, त्यात बारके बारके दिवे.

मी त्यांना सांगितलं नाही
की बुरोंडीला आमच्या होडीत इंजिन बसलं
तेव्हा शिडासाठी कोणी रडलं नव्हतं.
नारळ फोडले, पेढे वाटले.
त्याआधी वारा पडला की बाबा दोन दोन दिवस यायचे नाहीत,
आई तेच कालवण पुन्हा पुन्हा गरम करायची,
आटून आटून खारट व्हायचं, तरी टाकायची नाही.
इंजिन आलं आणि आम्ही ताजं जेवायला लागलो.
शीड गेलं सुकत्या मासळीवर झाकायला.
शीड हा छंद असू शकतो
हे मला इथे येऊन कळलं, चाळिशी उलटल्यावर.

चष्मा बदलून त्यांनी सगळे कागद वाचले.
मग पेन तसंच धरून म्हणाले,
"इथे एक पट्टी बांधून मिळेल?"
यादीत पाण्याखालचे निळे दिवे होते,
गरम होणाऱ्या खुर्च्या होत्या.
पट्टी नव्हती.
क्रेग म्हणाला, "पडद्यावर दिसतं ना, दिशा, वेग, सगळं आकड्यांत."
"दिसतं, हो," एल्फिक म्हणाले,
परक्या घरी फार गोड चहा मिळाल्यासारखे.

मी फडक्याची कड फाडली,
अँटेनाला गाठ मारली.
लोंबत राहिली ती, मेलेल्या बांगडीसारखी.
या बंदरात भरती दोनदा येते,
जायला निघते आणि काही विसरल्यासारखी मागे फिरते.
ती फिरत होती तेव्हा चिंधी हलली.

"ईशान्य," ते म्हणाले.
"मतलई," माझ्या तोंडून गेलं.
जमिनीवरून येतो तो मतलई.
बाबांचा शब्द, वीस वर्षांत काढला नव्हता.
एल्फिकनी तो दोनदा म्हणून बघितला,
दोन्ही वेळा चुकला.

सही झाली की नाही ते क्रेगला विचारा,
आकडे त्याच्याकडे असतात.
चिंधी त्याने संध्याकाळीच काढली, बरोबरच आहे,
दुसऱ्या दिवशी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं.

सगळे गेल्यावर मी चाक पुसायला घेतलं.
समोर दोऱ्या डोलकाठ्यांवर वाजत होत्या,
ताट वाढायला उशीर झाला की
पोरं वाटी वाजवतात तशा.
मी वर बघितलं.
छत होतं.